वर जाऊन आलेल्याचा आवाज

माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी अवकाशयानाबद्दल बोलणार आहे आणि वाचणारा म्हणेल, ह्या म्हाताऱ्याला त्यातलं काय कळतं. वेग, कक्षा, इंधन ह्यातलं मला काही कळत नाही. वजन कळतं. उभा जन्म मी वजनं उचलली आणि खाली ठेवली, आधी मुंबईच्या गोदीत आणि मग दुबईत. क्रेनचा ड्रायव्हर होतो. इथं ऑपरेटर म्हणतात. म्हणोत बापडे.

अवकाशयान मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते नातीच्या कॉम्प्युटरवर. तेव्हा मी कंपनीचा कॅम्प सोडून मुलाकडं, दुबईजवळच अजमानला, राहायला आलो होतो. मुलगा शारजाच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायचा, सूनबाई शाळेत शिकवायची, आणि नात इथंच जन्मलेली. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं चालायचं. तिच्या पलंगाच्या वर भिंतीवर अमेरिकेच्या त्या यानाचं चित्र होतं. ते पंखांचं, विमानासारखं, ज्यात माणसं बसून वर जायची आणि परत यायची. मोठेपणी आपण त्यात बसायचं हे तिनं पहिलीत असतानाच ठरवून टाकलं होतं. स्वभाव माझ्यावर गेलेला, त्यामुळं घरात तिच्याशी कोणी वाद घालत नव्हतं.

ती मला उड्डाणाचे व्हिडिओ दाखवायची. धूर, आग, आवाज. मी म्हणायचो, "छान आहे. दिवाळीसारखं." ती चिडायची. एक दिवस उड्डाणाच्या आधीचा कसलासा व्हिडिओ लागला. एक प्रचंड उंच शेड, आणि शेडच्या आत ते यान क्रेनला टांगलेलं. नाक वर, शेपूट खाली, पंख पसरलेले. अख्खंच्या अख्खं हवेत उभं. खाली माणसं मुंग्यांएवढी.

"आजोबा, लाँच इज नेक्स्ट," ती पुढं ढकलायला लागली.

"थांब. हेच परत लाव."

"बट नथिंग इज हॅपनिंग!"

काही होत नव्हतं, तेच तर बघण्यासारखं होतं. एवढं धूड हवेत आहे आणि डुलत नाही. जहाजातून साधी लाकडी पेटी काढली तरी ती कशी झुलते ते मी जन्मभर पाहिलंय. आमची सगळी अक्कल तिला झुलू न देण्यात खर्च होते. आणि हे यान दारं-खिडक्या लावलेल्या घरातल्या समईच्या ज्योतीसारखं स्थिर. हळूहळू वर गेलं, हळूहळू आडवं सरकलं, आणि जागेवर असं उतरलं की कधी टेकलं ते समजलं नाही. उचलणारा कुठंच दिसत नव्हता. आम्ही कधीच दिसत नाही. पण त्याचा हात मला दिसत होता. माझ्या अंगावर काटा आला. तो व्हिडिओ मी नातीला एवढ्या वेळा लावायला लावला की शेवटी ती कॉम्प्युटर माझ्यापुढं सोडून अभ्यासाला गेली.

त्या दिवसापासून मी पण त्या यानाच्या मागं लागलो.

माझी स्वतःची क्रेन तेव्हा दुबईत एका साइटवर होती. चेनवाली, म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी. पुढं लोखंडी जाळीचा लांबच लांब हात, त्याला बूम म्हणतात. बूमच्या शेंड्यावरून दोर, दोराला हुक. कागदोपत्री क्रेन कंपनीची होती, पण नवी कोरी आली तेव्हा तिची बूम पहिल्यांदा उभी केली ती मी. दर खंडेनवमीला मी तिची पूजा करायचो. इंजिनाला हळदकुंकू, हुकाला झेंडूची माळ, आणि त्या दिवशी यंत्राला कामाला लावायचं नाही. पहिल्या वर्षी तेव्हाच्या मॅनेजरनं डोळे वटारले. मी किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "तुम्ही चालवा." पुढच्या वर्षीपासून त्या दिवशीची सुट्टी न मागता मिळायला लागली.

फुलं आणायचा माझा रिगर. रिगर म्हणजे खाली जमिनीवर उभा राहून वजन बांधणारा, आणि हाताच्या खुणांनी ऑपरेटरला सांगणारा: वर घे, सोड, थांब. ऑपरेटरला पुष्कळदा वजन दिसतच नाही. मध्ये भिंत येते, डोळ्यांवर ऊन येतं. त्याला दिसतो तो रिगरचा हात, आणि त्या हातावर भरवसा ठेवून तो यंत्र चालवतो. माझा रिगर पेशावरकडचा पठाण, नमाज न चुकवणारा. रास अल खोरच्या भाजी मार्केटात त्याचा चुलतभाऊ होता. त्याच्याकडून खंडेनवमीला सकाळी सकाळी झेंडू आणायचा आणि पिशवी माझ्या छातीवर आपटत म्हणायचा, "ले बुड्ढे, तेरी दुल्हन के लिए."

मग मंदी आली. पेपरवाले काय काय कारणं सांगत होते. आमच्या साइटवर मंदी आली म्हणजे एका सकाळी काँक्रीटच्या गाड्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. बिल्डिंग अर्ध्यात थांबली, वरच्या मजल्यावर सळया आकाशाकडं तोंड करून तशाच राहिल्या. माणसं भराभर घरी गेली. बिल्डर आणि बँक ह्यांच्यात कोर्टकचेरी लागली, आणि निकाल लागेपर्यंत साइटवरची कुठलीही वस्तू हलवायची नाही असं ठरलं. त्यात माझी क्रेनही आली. बूम आडवी झोपवायची तर पुढं तेवढी लांब मोकळी जागा लागते, आणि तिथं चहूकडं लोखंडाचे ढीग. म्हणून ती उभी होती तशीच राहिली. उभी बूम वाऱ्यावर सोडून जाता येत नाही. रोज कोणीतरी बघायला लागतं, वारा फिरला की तोंड फिरवायला लागतं. त्या कामावर मला ठेवलं. मी आणि एक वॉचमन.

पठाणाला जावं लागलं. जायच्या दिवशी तो पिशवी घेऊन साइटवर आला, क्रेनच्या पट्ट्यावर घोड्याला मारतात तशी थाप मारली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बुड्ढे, तूने खड़ा किया है, तू ही उतारना."

"और हाथ कौन दिखाएगा? तू तो भाग रहा है."

"मैं आऊँगा, इन्शाल्ला. पर किसी ऐरे-गैरे का हाथ मत देखना."

"नहीं देखूँगा."

तो परत आला नाही, त्याला व्हिसाच मिळाला नाही. पण शब्द दिला तो दिला. हिला मी उभी केली, तर खाली आणणारही मीच. त्या ओसाड साइटवर मी जे दिवस काढले ते एवढ्या एका गोष्टीसाठी. मुलगा म्हणायचा, "बाबा, तिथं आता आहे काय? घरी बसा ना आरामात." मी म्हणायचो, "तिला उतरवतो आणि येतो."

त्याच काळात नातीनं मला आकाशातलं स्टेशन दाखवलं. अजमानच्या समुद्रकाठी, दिवस नुकताच बुडालेला, मगरिबची बांग होऊन गेलेली. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"आजोबा, देअर! लुक!"

"विमान आहे. शारजाला उतरतंय."

"प्लेन्स ब्लिंक. दॅट इज नॉट ब्लिंकिंग."

खरंच लुकलुकत नव्हतं. समुद्रावरून, पश्चिमेकडून एक ठिपका वर चढत होता, शुक्रापेक्षा ठळक. आवाज नाही. घाई नाही, पण रेंगाळणंही नाही. आमच्या डोक्यावरून गेला आणि पूर्वेकडं, वाळवंटावर, मध्येच विझला. पृथ्वीच्या सावलीत गेला, असं ती म्हणाली. तिकडं वर अजून ऊन होतं म्हणून तो आम्हाला दिसत होता. आमच्याकडं संध्याकाळ आणि त्याच्याकडं ऊन! मी विचारलं, आत माणसं आहेत का. आहेत म्हणाली. स्टेशनचे पुष्कळसे तुकडे त्या पंखवाल्या यानानं एकेक करून वर नेले, आणि तिथंच हवेत, म्हणजे हवाही नाही तिथं, जोडले.

"जोडले कसे? उचलले कशानं?"

"देअर इज अ बिग रोबोटिक आर्म."

"हात आहे? आणि चालवतो कोण?"

"ॲस्ट्रोनॉट्स, आजोबा."

म्हणजे वर पण क्रेन आहे, आणि वर पण ड्रायव्हर आहे. खाली कोण उभं आहे त्याला खुणा करायला, हे विचारायचं माझ्या मनात आलं होतं, पण तोवर नात पाण्याकडं पळाली होती. घरी येऊन मी मुकाट्यानं जेवलो. सूनबाईनं विचारलं, "बाबा, बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे. फार बरं आहे."

दोन हजार अकराचा उन्हाळा. यान बंद होणार हे नातीला कधीपासून माहीत होतं, पण शेवटची फेरी खरोखर वर गेली तेव्हा तिचा चेहरा उतरला. शेवटची म्हणजे शेवटची. परत आलं की ते यान म्युझियममध्ये ठेवणार.

"देन हाऊ विल आय गो?" ती जेवणाच्या टेबलावर म्हणाली.

मुलगा म्हणाला, "अगं, रशियाचं रॉकेट आहे की."

"दॅट इज अ टिन कॅन, बाबा!"

आणि त्याच आठवड्यात मला ऑफिसातून बोलावणं आलं. कोर्टाचं मिटलं होतं. साइट साफ करायला घेतली होती, बूमसाठी पुढं जागा मोकळी केली होती. क्रेन विकली होती. ती खाली घेऊन, सुटी करून, ट्रेलरवरून खोर फक्कानच्या बंदरात जाणार होती आणि तिथून जहाजानं परदेशात. मॅनेजर आता नवा होता, पुण्याचा, माझ्या मुलापेक्षाही लहान.

"काका, बसा ना. चहा घेणार?"

"कधी उतरवायची ते सांगा. मी तयार आहे."

तो पेन फिरवायला लागला. "काका, प्रॉब्लेम असा आहे की तुमचं ऑपरेटरचं कार्ड एक्स्पायर झालंय. तुमच्या वयाला ते रिन्यू होत नाही, इन्शुरन्सवाले ऐकत नाहीत. नव्या मालकाचा ऑपरेटर येतोय, केरळचा. चांगला आहे. तुम्ही रिगर म्हणून उभे राहाल का? रिगरचं जुनं कार्ड आहे तुमचं, ते अजून व्हॅलिड आहे. ती क्रेन तुमच्याइतकी कोणाला माहीत नाही."

"साहेब, मी रिगरीतून वर आलो. जिना चढलेला माणूस खालच्या पायरीवर बसायला परत येत नाही."

"काका, प्लीज. अहंकार नका ना करू."

"करणार."

"मग मला दुसरा रिगर शोधायला लागेल."

"शोधा," म्हणालो आणि चहा न पिता निघालो. अजमानच्या बसमध्ये माझे कान तापले होते. माझ्या सीटवर दुसरा बसणार आणि मी खाली उभा राहून त्याला हात हलवून दाखवणार! घरी मुलानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, झालं ना आता. खलास. सोडून द्या."

"तू सोड तुझं ऑफिस," मी म्हणालो. सूनबाईनं माझ्यापुढं चहा ठेवला. तो प्यालो.

आठवड्याभरानं एका संध्याकाळी नात सगळ्यांना बिल्डिंगच्या गच्चीवर घेऊन गेली. जुलैची हवा, शर्ट पाठीला चिकटलेला. यान स्टेशनपासून सुटलंय, ती म्हणाली, आता परत यायला निघालंय. शेजारची मिसरी, म्हणजे इजिप्तची, बाई दोरीवरचे कपडे काढत होती. आणि ते आले. एक नाही, दोन. धुरकट आकाशात दोन ठिपके, एकामागून एक, एकाच वाटेनं, जणू अदृश्य दोरीनं बांधलेले. एवढे जवळ की हात लांब केला तर दोन बोटांत मावतील. मधलं अंतर जरासुद्धा कमी-जास्त होत नव्हतं. मिसरी बाईनं कपडे खांद्यावर टाकले आणि वर बघत म्हणाली, "माशाल्ला. हे काय आहे?"

"ह्यातलं यान कोणतं?" मी विचारलं.

"आय डोन्ट नो, आजोबा," नात म्हणाली. पुढं कोणतं, मागं कोणतं, कोण राहणार आणि कोण परत येणार, खालून सांगता येत नव्हतं. दोन्ही सारखीच उजळ.

ते उतरलं त्या दिवशी आमच्याकडं भर दुपार होती आणि तिकडं अजून अंधार. नात, सूनबाई आणि मी कॉम्प्युटरसमोर. बराच वेळ पडद्यावर काहीच नव्हतं, काळोख आणि आवाज. एक माणूस शांतपणे काहीतरी सांगायचा, दुसरा तसाच शांतपणे उत्तर द्यायचा. कोणी ओरडत नव्हतं. मला वाटलं होतं, अशा वेळी गोंधळ असेल.

"हा खालून बोलतोय तो कोण? मॅनेजर?"

"नो. मॅनेजर्स डोन्ट टॉक टू देम," नात पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ओन्ली वन पर्सन टॉक्स. ही इज ॲन ॲस्ट्रोनॉट टू."

सूनबाईनं समजावून सांगितलं. "बाबा, तिथं खाली शेकडो माणसं असतात, पण यानाशी बोलणारा एकच. तो स्वतः ह्याच कामातला असतो, बहुतेक वेळा वर जाऊन आलेला. बाकीचे सगळे ह्याला सांगतात, आणि हा वरच्यांना सांगतो. वर बसलेल्याला त्या वेळी काय होतं, ते ह्याला ठाऊक असतं ना."

मी विचारलं, "आणि त्याला राग नाही येत? आपण खाली बसलोय म्हणून?"

नातीनं पहिल्यांदा माझ्याकडं मान वळवली. साइटवरची भानगड तिला माहीत नव्हती, निदान मला तसं वाटतं. "व्हाय वुड ही बी अँग्री? इट्स द मोस्ट इम्पॉर्टंट व्हॉइस, आजोबा."

मग ती हळूच म्हणाली, इंजिनं आता बंद आहेत. ते वजन नुसत्या पंखांवर येतंय. चुकलं तर फिरून परत यायची सोय नाही. एकदाच. आणि अंधारातून एक काळा आकार आला, धावपट्टीच्या दिव्यात त्याचं पोट दिसलं, मागची चाकं टेकली, मागं एक छत्री फुगली, मग पुढचं चाक. पळत राहिलं, पळत राहिलं, हळू झालं, थांबलं. तो खालचा आवाज काहीतरी म्हणाला. वरचा, म्हणजे आता जमिनीवरचा, काहीतरी म्हणाला. झालं.

यान असताना जगात जेवढा आवाज असेल तेवढा सगळा गेल्यासारखी आमची खोली शांत झाली. बाहेर उन्हात कुठंतरी एसीचं पाणी टपटपत होतं. उजाडल्यावर तिथली माणसं यानाभोवती जमली. कपड्यांवरून आमच्यासारखी कामाची माणसं. पुष्कळांचं उद्यापासून काम संपणार, सूनबाईनं वाचून सांगितलं. ती माणसं हात खाली सोडून, माना वर करून नुसती बघत होती. आयुष्यभर ज्याला हात लावला ते पहिल्यांदा बघत असल्यासारखी.

नात म्हणाली, "इट्स ओव्हर." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग आतल्या खोलीत जाऊन मॅनेजरला फोन लावला.

"साहेब, रिगर मिळाला?"

"नाही ना काका, अजून..."

"शोधू नका. मी उभा राहतो. पण अट आहे. ती खाली येत असताना वायरलेसवर मध्ये कोणी तोंड घालायचं नाही. तुम्ही पण नाही. त्या ऑपरेटरशी फक्त मी बोलणार."

"बोलणार म्हणजे... हातानंच ना?"

"हातानंच."

पठाणाला दिलेला शब्द मी उलटसुलट करून तपासला होता. ऐऱ्यागैऱ्याचा हात बघणार नाही, असं मी म्हणालो होतो. हात दाखवणार नाही, असं म्हणालो नव्हतो.

उतरवायची ती सकाळी, ऊन वर यायच्या आत, वारा पडलेला असताना. केरळचा ऑपरेटर तिशीतला, सावळा, कमी बोलणारा. त्यानं आधी क्रेनभोवती पूर्ण फेरी मारली, दोर पाहिले, पट्टे पाहिले. ते मला आवडलं. मग माझ्याकडं आला. "चाचा, मशीन का मिजाज कैसा है?"

"सीधी है. आख़िर में भारी होती है, आगे झुकना चाहती है. वहाँ डरना मत, रुकना भी मत. मेरा हाथ देख, बस."

तो माझ्या सीटवर चढला तेव्हा मी नजर पट्ट्यांकडं वळवली, खोटं कशाला बोलू. इंजिन सुरू झालं. तिचा आवाज मी जन्मभर पायांतून ऐकलेला, आज कानांनी ऐकत होतो. मी पुढं जाऊन त्याला दिसेन असा उभा राहिलो. हात सरळ बाजूला, मूठ बंद, अंगठा खाली. म्हणजे बूम खाली घे.

आणि ती खाली यायला लागली.

हे कसं सांगावं कळत नाही. एवढी वर्षं मी तिच्या आत बसलो होतो. चालताना ती बाहेरून कशी दिसते हे मला ठाऊकच नव्हतं. कसं असेल? मी खाली असलो की ती थांबलेली, आणि ती चालत असली की मी आत. आता आकाशाएवढी ती बूम, जाळीच्या प्रत्येक चौकटीतून सकाळ आरपार दिसतेय, आणि ते सगळं कलतंय, सावकाश, एखादा उंच माणूस जमिनीवर निजलेल्या पोराकडं वाकावा तसं. तिची सावली अर्ध्या बिल्डिंगवरून एकेक मजला उतरत होती. सळयांवर बसलेली कबुतरं उडाली आणि बूमच्या जाळीतून पलीकडं गेली. मी हात सरळ धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, ही अशी? एवढी? आणि हिला मी हलवत होतो?

शेवटी यायची ती जागा आली. बूम जवळजवळ आडवी झाली की सगळं वजन पुढं ओढतं. पट्ट्यांच्या मागच्या टोकाखालची माती सैल झालेली मी पाहिली. केबिनमध्ये त्यानंही ते अंगात ओळखलं असणार, कारण इंजिनाचा सूर अडखळला. त्या क्षणी आत काय होतं ते मला माहीत आहे. सीट मागून उचलल्यासारखी वाटते, आणि हात म्हणतो, थांब. थांबलं तर हिसका बसतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरा हात उचलून खुणेच्या हातासमोर सपाट, निश्चल धरला. म्हणजे हळू. हळू, पण येत राहा. आलास. मी आहे.

तो येत राहिला. हुक जमिनीला टेकला, दोर सैल झाला. मग शेंडा मांडलेल्या लाकडी ठोकळ्यांवर आला, आणि कधी टेकला ते कोणालाही समजलं नाही. मी दोन्ही हात एकमेकांत अडकवून पोटाशी धरले. म्हणजे सगळं बंद कर. त्यानं इंजिन बंद केलं, आणि त्या दुपारी घरी झाली होती तशी शांतता साइटवर झाली. मॅनेजर मागं उभा होता. शब्दाला जागला, एक अक्षर बोलला नाही.

हुकाला गेल्या खंडेनवमीच्या माळेचा दोरा अजून होता. फुलं कधीच वाऱ्यानं नेली होती, दोरा उन्हानं तारेसारखा कडक झालेला. ऑपरेटर खाली उतरून आला आणि म्हणाला, "चाचा, ये धागा निकाल दूँ?"

"रहने दे."

मुलगा नातीला घेऊन कुंपणाबाहेर येऊन उभा होता, मला न सांगता. नात धावत आली. "आजोबा, यू लुक्ड सो स्मॉल!"

"आणि ती?"

तिनं दोन्ही हात जमतील तेवढे पसरले. तिला शब्द सापडला नाही, इंग्रजीतसुद्धा.

दुपारी पेशावरला फोन लावला. "उतार दी," मी म्हणालो.

"हाथ किसका था?"

"मेरा."

"और सीट पर?"

"एक मलबारी."

पठाण म्हणाला, "वाह रे बुड्ढे. जाते-जाते मेरी नौकरी खा गया."

क्रेन खोर फक्कानहून गेली. आता कुठल्या देशात कोणाची वजनं उचलते ठाऊक नाही. ते यान म्युझियममध्ये गेलं. त्याच्याच जोडीच्या दुसऱ्या यानाला म्युझियमला नेताना मोठ्या विमानाच्या पाठीवरून दोन क्रेननी उतरवलं, तेही मी पाहिलं, आणि दोन्ही ड्रायव्हरांना मनातल्या मनात शाबासकी दिली. मी अजमानलाच आहे, मुलाच्या व्हिसावर. काही वर्षांनी इथलाच एक माणूस रशियाच्या त्या डब्यातून वर गेला. तेव्हा नात कॉलेजात होती, आणि टीव्हीसमोर उभी राहून एवढी ओरडली की टिन कॅन म्हटलेलं पार विसरली. तिचं वर जायचं अजून ठरलेलंच आहे. कशातून, ते बदलत असतं.

मध्ये तिनं अमेरिकेचं नवं यान परत येताना दाखवलं. पंख नाहीत, चाकं नाहीत. छत्र्यांना लोंबकळत समुद्रात पडायचं.

"हे काय उतरणं झालं?" मी म्हणालो. "बोजा टाकल्यासारखं."

"जस्ट वॉच, आजोबा."

मी खुर्ची पुढं ओढली. पडद्यावर आकाश होतं आणि त्यात काहीच नव्हतं, पण एक आवाज शांतपणे बोलत होता.

"हा खालून बोलतोय तो वर जाऊन आलाय का?"

"आलाय," नात म्हणाली. मराठीत.

मी चष्मा पुसला आणि बघत बसलो.